'अंगठा' नावाचं सेटिंग

आमच्या वकिलांच्या ऑफिसात स्कॅनर एक आणि वापरणारे चार. म्हणून प्रत्येकाने आपलं सेटिंग आपापल्या नावाने त्यात सेव्ह करून ठेवलेलं. 'साहेब', 'ज्ञानेश', 'सुवर्णा'. सुवर्णा म्हणजे मी. माझं सेटिंग माझ्यासारखंच: कागद पांढराशुभ्र, अक्षर काळंकुळकुळीत, डागबिग सगळे साफ. चौथं नाव होतं 'अंगठा'.

ते शिपाई बहिरूकाकांचं. काका सायखेड्याचे, चौथी शिकलेले, निवृत्तीला आलेले. स्कॅनिंगचं निम्मं काम तेच करतात. ते नाव दिसलं आणि माझं डोकं फिरलं. अंगठाछाप म्हणून कोणीतरी काकांना चिडवलंय, असंच मी धरून चालले. असल्या थट्टेची मला भारी चीड. त्यांना विचारलं तर वाईट वाटेल, म्हणून न विचारताच एका शनिवारी ते पुसून टाकलं. वर स्वतःवरच खूश झाले.

सोमवारी काकांना ते सापडलं नाही. कुणाला काही न बोलता ते माझं बटण दाबून काम करू लागले.

पंधरा दिवसांनी आमच्या अशील भागीबाई जिना चढून आल्या. नवऱ्यामागे जमिनीवर त्यांचं नाव लागायचं होतं आणि आम्ही स्कॅन करून पाठवलेला अर्ज परत आला होता. शेरा होता, अंगठा नाही. दुरुस्तीची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

"ताई, तुमच्यासमोरच दिला ना मी अंगठा?" त्या म्हणाल्या.

मी मूळ कागद काढला. अंगठा होता, फिकट जांभळा. चाळीस वर्षं खुरपं धरलेला हात, शाई धरून धरून किती धरणार? माझ्या सेटिंगने तो डाग समजून साफ केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांचं सेटिंग मीच पुसलं हे सांगितलं, आणि का पुसलं तेही. काका म्हणाले,

"त्यात चिडवायचं काय? ती सही हाय ताई. माझी आई तीच करायची."

पुन्हा सेटिंग लावू, आकडे सांगा, असं मी म्हटलं. आकडे त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांनी ड्रॉवरमधून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक जुना कागद काढला. त्यावर त्यांच्या आईचा, नवसाबाईंचा अंगठा होता. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. हाच कागद काचेवर ठेवायचा, उजेड आणि रंग कमीजास्त करायचा, आईच्या रेषा दिसल्या की थांबायचं, अशी काकांची रीत. पहिल्यांदा ते सेटिंग बसवताना त्यांना आठवडा लागला होता. आज आमच्या हातात दोन तास होते.

अकराव्या खेपेला रेषा दिसल्या. काकांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत घातला नाही. मी सेव्ह केलं. नाव विचारलं नाही, 'अंगठा' असंच टाइप केलं. मग भागीबाईंचा कागद ठेवला आणि मुदतीच्या आत अर्ज गेला.

भागीबाई कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ आल्या. त्यांचा अंगठा तिथे भाकरीएवढा दिसत होता.

"एवढ्या रेषा राहिल्यात व्हय माझ्या?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, समद्या घासून गेल्या."

मी त्याची एक रंगीत प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली.