कंट्रोलरला वारा मिळेना

रांजणगावच्या कारखान्यात मी सात वर्षं एकाच टेबलावर आहे. पुढ्यात सर्किट बोर्ड येतो, मी त्यावर चार स्क्रू बसवते, बोर्ड पुढं जातो. शेवटी त्याचं काय होतं ते मी कधी पाहिलेलं नाही. म्हणून एकदा अख्खी वस्तू आपल्या हातानं करायची असं मनात घेतलं आणि रिमोटवर चालणारी गाडी निवडली. हातभर लांब, मोठ्या चाकांची, दगडधोंड्यांवरून चढणारी. सुटे भाग मागवले. पहिल्या शिफ्टवरून घरी आले की दुपारी ओसरीवर पेपर अंथरून जोडत बसायची. नवरा हसायचा नाही, पण काही विचारायचाही नाही. सासऱ्यांना मी आबा म्हणते. ते एकदा नुसतंच म्हणाले, "खेळणं हाय व्हय?"

शिरूरला घोडनदीच्या काठी रविवारी काही हौशी लोक अशा गाड्या पळवतात. फेब्रुवारीत मी माझी घेऊन गेले. वाळूच्या चढावर ती दहा मिनिटं चालली आणि जागीच थांबली. बॅटरीतून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारी एक काडेपेटीएवढी डबी असते, स्पीड कंट्रोलर. ती तापून आपोआप बंद पडली होती. बोट लावलं तर चटका बसला. धूळ जाऊ नये म्हणून मी ती बंद खोक्यात, बॅटरीला खेटून, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं बसवली होती. उष्णतेनं टेप सुटली, डबी सरकली आणि वायर गिअरला घासायला लागली होती.

"ताई, तयार गाडी मिळती की," तिथला एक जण म्हणाला. वाईट हेतूनं नाही. मला मात्र लागलं. गाडी काखेत मारून मी घरी तळेगावला जाणारी एसटी पकडली, आणि उतरेपर्यंत ठरवून टाकलं होतं, की तयार गाडी घ्यायची नाही.

पुढच्या आठवड्यात खोकं काढून टाकलं आणि डबीवर छोटा पंखा बसवला. वावरातल्या मातीत नेली तर पंख्यातच धूळ अडकली. मग जुन्या ओढणीचा तुकडा जाळीसारखा लावला. पंखा फिरत राहिला, पण पंधरा मिनिटांनी गाडी पुन्हा थांबलीच.

त्या दिवशी आबा कांदा साठवायच्या चाळीच्या बांबूपट्ट्या बदलत होते.

"पुन्हा बसली?"

"व्हय आबा. पंखा चालू हाय, तरी तापतीय."

हातातली पट्टी ठेवून ते माझ्याजवळ उकिडवे बसले. गाडीच्या तोंडापाशी तळहात धरून त्यांनी बराच वेळ अंदाज घेतला.

"हितनं वारा आत जातोय. भाईर कुठनं पडतो?"

मी गाडीचा वरचा टप काढून बघितला. सगळी भोकं मी पुढच्याच बाजूला पाडली होती.

"चाळीचं बूड जमिनीला टेकवलं आन् वर वाफेला वाट ठिवली न्हाई, तर कांदा आतल्या आत सडतो. तू तर ह्या डबीचं बूड तळालाच चिकटवलंयस."

दुसऱ्या दिवसापासून मी सगळं नव्यानं केलं. फॅब्रिकेशनवाल्याकडून खिडकीच्या ॲल्युमिनियमची पट्टी आणली, कापली, कानशीनं घासली. पहिल्या पट्टीचं भोक वाकडं गेलं. दुसरी आखूड पडली. तिसरी बसली. चार नळकांड्यांवर ती तळापासून बोटभर उचलून स्क्रूनं आवळली, आणि उष्णता पुढं पोचवणाऱ्या गोंदानं डबी तिच्यावर चिकटवली. कारखान्यात मी हजारो स्क्रू आवळले असतील, पण स्क्रू कुठं बसवायचे ते पहिल्यांदाच मी ठरवलं. बॅटरी दुसऱ्या बाजूला नेली, मागच्या काचेखाली वाऱ्याला वाट काढली. चूक नुसती वाऱ्याचीही नव्हती. मोटरवरचं दातेरी चाक जास्त दातांचं होतं, त्यामुळं एवढी मोठी चाकं फिरवताना मोटर जास्त करंट ओढत होती. ते कमी दातांचं घातलं. वेग घटला, तो घटू दिला.

एप्रिलच्या एका रविवारी निघाले, तर आबा चपला घालून उभेच. "मी बी येतो."

तोच चढ, डोक्यावर ऊन. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं. गाडी चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. शेवटी हळू झाली आणि थांबली.  धावत जाऊन टप उघडला. डबीवर बोट ठेवून दहापर्यंत मोजता आलं. बॅटरीच संपली होती, पूर्ण.

तयार गाडी घ्या म्हणणारा माणूस वाकून बघत होता. "ही पट्टी कुठं मिळाली?"

"खिडकीची हाय," आबाच बोलले.

दुसरी बॅटरी लावली तसे आबा रिमोट मागायला लागले. मी दिला. मिनिटभर नीट चालवली, मग गाडी उतारानं सुसाट नदीकडं निघाली.

"अगं, थांबवायची कशी?"

मी सांगेपर्यंत ती पाण्यात होती. चपलांसकट धावले, आधी बॅटरी उपसून काढली. आबांचा चेहरा उतरला होता. सगळे भाग खडकावर उन्हात मांडून आम्ही तासभर बसलो. कंट्रोलर वाचला, चाकं वळवणारी छोटी मोटर गेली.

परतीच्या एसटीत आबा गाडी मांडीवर घेऊन बसले. तळेगावला उतरताना म्हणाले, "पानी आत जाऊ नये म्हनून काय करत्यात?"

"बंद खोकं," मी म्हणाले, आणि आम्हा दोघांनाही हसू आलं.