अप्पांच्या छपरावरचं ऊन

जी गोष्ट अजून झालेलीच नाही तिच्यावर माझ्या सासऱ्यांइतका विश्वास ठेवणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही. उदगीर जिल्हा होणार, असं कुणी पुढारी एका सभेत बोलून गेला, तर अप्पांनी दुसऱ्याच दिवशी डाळीच्या नव्या पोत्यांवर 'जि. उदगीर' छापायला टाकलं. जिल्हा झाला नाही, पोती झाली. पुढं कित्येक दिवस हैदराबादचे व्यापारी फोन करून हा जिल्हा नेमका कुठं आला म्हणून विचारत राहिले, आणि अप्पा शांतपणे सांगत, "यायलाय. वाटंत हाय." माझ्या लग्नाचीही तीच कथा. मी नांदेडहून मुलगी बघायला गेलो तेव्हा मंगल कार्यालय ठरलेलं होतं, आचारी ठरलेला होता, सनईवाल्याला विसार दिलेला होता. फक्त मी ठरायचा राहिलो होतो. चहा पिऊन होईपर्यंत मीही ठरलो.

उदगीरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं त्यांची डाळमिल होती. तूर भरडायची, डाळ पाडायची, तेलाचा हात द्यायचा, आणि मग आठ-दहा बाया ती डाळ ओळीनं बसून निवडायच्या. डाळीपुढं अप्पांना माणसाचं भान राहत नसे. आमच्या लग्नाच्या पंगतीत, व्याही म्हणून माझे वडील त्यांच्या शेजारी बसलेले असताना, त्यांनी वरणाचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही डाळ माझी न्हाई." आचाऱ्यानं आयत्या वेळी कमी पडलेली डाळ दुसऱ्या दुकानातून आणली होती. माझे वडील घाबरले. त्यांना वाटलं, मानपानात काही चुकलं. सासूबाईंनी पलीकडून सांगितलं, "तुम्ही जेवा हो. ते मयतीला गेले तरी वरणच चाखत्यात."

या माणसाचं आयुष्यात एकीशीच वैर होतं, ते विजेशी. तिचं नाव ते घेत नसत. 'ती' म्हणत. "आली का ती?" "गेली." "कवा येणार म्हणं?" माहेरी निघून गेलेल्या सुनेबद्दल बोलावं तसं हे चाले. भारनियमनाच्या दिवसांत ती दुपारी जायची ती दिवेलागणीला यायची. तोवर मशीन गप्प, बाया घरी, आणि अप्पा गादीवर गळ्यातल्या लिंगाची पेटी मुठीत धरून दाराकडं बघत बसलेले. जुनं डिझेलचं इंजिन होतं, पण ते चालू केलं की नफा धुरात जातो, असं ते म्हणत.

अशात लातूरला कुणाच्या तरी छपरावर त्यांनी सौर पाट्या पाहिल्या. ते पॅनेल म्हणत नसत, पाट्याच म्हणत. परत आले ते वेगळेच होऊन. "जावई, आपल्याकडं दुसरं काय हाय सांगा," मला म्हणाले. "पाऊस न्हाई, नदी न्हाई, रेल्वे कवा येईल तवा. ऊन तेवढं लई हाय. आजवर फुकट तापलाव आपण." मी भूगोलाचा मास्तर, मला हे पटलं. माझा मेहुणा पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्याला पटलं नाही. तो म्हणाला, सत्तरीला आलात, मिल विकायच्या वयात छपरं कसली सजवता. अर्धे पैसे बँकेनं दिले. उरलेल्यांसाठी अप्पांनी लातूर रस्त्यावरचा प्लॉट विकला. तो त्यांनी मुलासाठी घेऊन ठेवला होता, आणि विकताना त्याला विचारलं नाही. मेहुण्यानं भांडण केलं नाही. फोन करायचा तेवढा बंद केला. सासूबाई रोज संध्याकाळी मोबाइल पदरानं पुसून चार्जिंगला लावत.

पाट्या बसल्या त्या दिवशी मी उदगीरला होतो. अप्पांनी पत्र्यावर चढून प्रत्येक पाटीला भस्माची तीन बोटं ओढली, बेल वाहिला. लातूरहून आलेला इंजिनियर खाली उभा राहून हळूच म्हणाला, "अप्पा, सावली पडली की वीज कमी येते." अप्पांनी बेलाची पानं उचलली. मग देवाची माफी मागितल्यासारखं पुटपुटत त्यांनी उपरण्यानं एकेक पाटी पुन्हा पुसून काढली. दुपारी मोंढ्यातली माणसं जमली, पेढे वाटले, मिल सुरू झाली. अप्पा बोलायला उभे राहिले. "आजपासून तिची वाट बघायची न्हाई," एवढं म्हणाले आणि नेमकी ती गेली. पंखे थांबले. पाठोपाठ मशीनही थांबलं.

लोक वर बघू लागले. वर ऊन कडक होतं. इंजिनियरनं समजावून सांगितलं: ही यंत्रणा तारेच्या विजेला जोडलेली असते, तारेतली वीज गेली की ही आपोआप बंद पडते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसेल. बिल कमी येईल, पण वीज गेल्यावर मिल चालवायची तर बॅटऱ्या वेगळ्या घ्याव्या लागतील. हे कागदावर लिहिलेलं होतं, आणि अप्पांनी सही केली होती. पुढं काय होणार हे मनात इतकं पक्कं असलेला माणूस कागद कशाला वाचेल? पेढा हातात धरून माणसं एकेक करून निघून गेली. अप्पांनी पुन्हा पत्र्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे सूर्य बी तिच्याच परवानगीनं चालतो की."

त्यांनी डिझेलचं इंजिन विकलं, सासूबाईंनी न मागता पाटल्या काढून दिल्या आणि बॅटऱ्या आल्या. एक मशीन आणि बोअरची मोटर तरी आता कुणाला न विचारता चालू लागली. आणि त्याच वर्षी पाऊस फिरकला नाही.

आदल्या सालीही तो अर्धाच झाला होता. तूर फुलातच करपली. मोंढ्यात पोती यायची बंद झाली. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, उदगीरला नळ किती दिवसांनी येतो हे विचारायचंच लोकांनी सोडलं. मिलच्या छपरावर मात्र वीज नुसती धो धो तयार होत होती. दळायला दाणा नाही आणि वीज मावत नाही. उरलेली मीटरमधून उलटी बाहेर जायची, आणि अप्पा त्या मीटरपुढं उभे राहून म्हणायचे, "घ्या. तुमीच घ्या." निवडणाऱ्या बायांना ते तरीही बोलवायचे. निवडलेलीच डाळ त्या पुन्हा निवडायच्या. त्यातली एक मला म्हणाली, "खडा सापडत न्हाई भाऊ, पर अप्पाला कसं सांगावं." हप्ता मात्र दुष्काळ पाळत नव्हता.

पाट्यांवर धूळ साचायची. वीज कमी झाली म्हणून अप्पांनी एकदा बादलीभर पाणी वर नेलं आणि पाट्या धुतल्या. मी खालून शिडी धरली होती. पाणी पत्र्यावरून ओघळून कोपऱ्यातल्या पन्हळीतून गल्लीत पडू लागलं. समोरच्या घरातली रुक्मिणबाई बाहेर आली. आम्हाला वाटलं, आता ही बोलणार; अख्खी गल्ली टँकरसाठी रांगेत असताना छप्पर धुणाऱ्याला कुणीही बोललं असतं. पण तिनं घागर आणून पन्हळीखाली धरली, वर पदर ताणून ते मातकट पाणी गाळून घेतलं, आणि धार थांबल्यावर घागर उचलून आत गेली. अप्पांनी वरून सगळं पाहिलं. खाली उतरल्यावर त्यांनी रिकामी बादली पालथी घातली. पाणी मागितलं नाही, आणि मलाही द्यायचं सुचलं नाही.

त्यानंतर पाट्यांना पाणी लागलं नाही. ते सकाळी वर चढून जुन्या धोतराच्या चिंध्यांनी कोरड्याच पुसत. मिलमधल्या बोअरला तळाशी थोडं पाणी झिरपत होतं. घटका घटकानं मोटर लावली तरच ते हाती यायचं, आणि तारेतल्या विजेचा तर नेम नव्हता. अप्पांनी मशीन बंद केलं, बॅटऱ्या मोटरीला दिल्या आणि पाइप गल्लीत काढून ठेवला. पहिली घागर रुक्मिणबाईची. ते स्वतः गादी सोडून मोटरीच्या बटनाशेजारी पोत्यावर बसून राहत. "डाळमिलवाला होतो," म्हणाले, "पाणीवाला झालो. हे काय मी ठरवलं नव्हतं."

उन्हाळ्याच्या शेवटी मेहुणा अचानक आला. घरात न जाता आधी मिलमध्ये आला, तेव्हा अप्पा मोटरीपाशी होते आणि बाहेर घागरींची रांग होती. त्यानं दुसरं पोतं ओढलं आणि बापाशेजारी बसला.

"बँकेचे सगळे हप्ते मी भरतो," तो म्हणाला. "पण तुम्ही दोघं पुण्याला चला. आईला शिडीची रोज भीती वाटते. मिल भाड्यानं देऊ."

अप्पांनी मोटर बंद केली. "आन् बाया?"

"जो घेईल त्यानं बाया ठेवायच्या. तसं लिहून घेऊ."

"पाइप?"

"पाऊस पडेपर्यंत पाइप राहील."

"बरं," अप्पा म्हणाले. मुलानं प्लॉटचा विषय काढला नाही, बापानंही नाही. सासूबाईंनी दोघांना एका ताटात वाढलं.

त्यांनी उदगीर सोडलं आणि पाऊस आला. असा आला की पुढच्या हंगामात मोंढ्यात तूर ठेवायला जागा उरली नाही. मिल घेतलेला व्यापारी भला आहे. अप्पांच्या उन्हावर मिल दिवसभर चालते, बाया निवडायला बसतात, आणि डाळीत आता खडेही सापडतात.

मागच्या दिवाळीत आम्ही पुण्याला गेलो होतो. मेहुण्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. छान आहे, नळाला दिवसभर पाणी आहे, वीज जात नाही. पण घर उत्तरेला तोंड करून आहे आणि समोर दुसरी उंच इमारत; आत ऊन कधीच येत नाही. सकाळचा नाश्ता झाल्यावर अप्पांनी मला खूण केली आणि लिफ्टनं खाली नेलं. पार्किंगमध्ये दोन इमारतींच्या फटीतून उन्हाचा एक लांबट पट्टा फरशीवर पडला होता. वॉचमन उदगीरशेजारच्या जळकोटकडचा, त्यानं न सांगता दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून त्या पट्ट्यात मांडल्या.

"बसा जावई," अप्पा म्हणाले. "थोडंच असतं, पर चांगलं असतं."

आम्ही बसलो. ऊन सरकू लागलं तसे अप्पा खुर्ची जराशी पुढं घेत, मग माझ्याकडं बघत, आणि मीही माझी घेई. असं करत करत आम्ही भिंतीला लागलो. मग ऊन भिंतीवर चढलं आणि आमच्या डोक्यावरून निघून गेलं. अप्पांनी भिंतीला तळहात लावून पाहिला, आणि माझाही हात धरून शेजारी टेकवला. भिंत अजून गरम होती.

"हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हाय," मी म्हणालो.