दारामागचे चार सेकंद

सातव्या माणसाने त्या दारासमोर उभं राहून चक्क जांभई दिली.

आमचा नवा गेम खेळून बघायला बोलावलेल्या लोकांना मी काचेपलीकडून बघत होते. शेजारी बत्रा सर. ते आमचे प्रोड्युसर, म्हणजे गेम वेळेवर बाहेर काढणं ही त्यांची जबाबदारी. त्यांनी पेन टेबलावर टाकलं.

"मंजिरी, पहले पार्ट में लोग इसी दरवाज़े पर हेडफोन उतार देते थे। याद है?"

"याद है, सर."

"तो अब क्या हुआ?"

ते शोधणं माझं काम होतं. मी टेस्टर आहे. लोकांना वाटतं की आम्ही दिवसभर गेम खेळतो आणि वर पगार घेतो. माझ्या सासूबाईंनाही तसंच वाटतं. प्रत्यक्षात आम्ही एकाच भिंतीवर दोनशे वेळा डोकं आपटून बघतो, भिंत कुठे पोकळ आहे का म्हणून. काही चुकीचं दिसलं की त्याची नोंद करायची. तिला टिकेट म्हणतात. दुरुस्ती झाली की टिकेट बंद.

आमच्या भीतीच्या गेमचा पहिला भाग गाझियाबादच्या एका फ्लॅटमध्ये सहा जणांनी केला होता. कल्पना अभयची. तो पुण्याचा, मीही पुण्याची, बाकी सगळी मंडळी इकडची. गेममध्ये एक रिकामं सरकारी गेस्ट हाऊस आहे, दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर असतात तशा धाटणीचं. तुम्ही तिथले केअरटेकर. मजल्यामागून मजला फिरून दिवे बंद करायचे. तिसऱ्या मजल्यावर एक बंद दार आहे. आतून एक बाई हिंदीत म्हणते, "कौन है बाहर? अभी मत आना।" बस. दार कधीच उघडत नाही.

तो आवाज अभयच्या आईचा होता. मी त्यांना काकू म्हणायचे. त्या फ्लॅटवर त्यांच्या हातची खिचडी खाऊनच आम्ही तो गेम पुरा केला. व्हॉइस आर्टिस्ट कुठला परवडायला? अभयने त्यांना रजयांनी भरलेल्या कपाटात बसवलं, मोबाइलला माइक जोडला आणि वाक्यं वाचून घेतली. रजया आवाज शोषून घेतात. गरिबाचा स्टुडिओ तो.

दोन हिवाळ्यांपूर्वी काकू गेल्या. फुप्फुसांचं दुखणं होतं.

आता नोएडात काचेचं ऑफिस आहे, साठ माणसं आहेत, आणि दुसऱ्या भागात सगळं पहिल्यापेक्षा चांगलं आहे. भिंतीवरची ओल खरी वाटते. दिवा बंद केला की डोळे मिटल्यासारखं होतं. दार तेच, काकूंचं जुनं वाक्यही तेच ठेवलेलं. शिवाय काकूंच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून एक सॉफ्टवेअर त्यांच्या आवाजात नवीन हिंदी वाक्यं तयार करत होतं. अभयने तशी परवानगी लिहून दिली होती. आणि इतकं करून सातवा माणूस जांभई देतो!

मी पहिल्या भागाच्या चाहत्यांनी लिहिलेलं वाचायला घेतलं. दाराबद्दल शेकडो लोकांनी लिहिलं होतं आणि सगळे एकच गोष्ट सांगत होते. बाई हिंदीत बोलते त्याने काही वाटत नाही. त्यानंतर ती दुसऱ्याच कुठल्या तरी भाषेत पुटपुटते, तेव्हा अंगावर काटा येतो. कोणी म्हणे मंत्र आहे, कोणी म्हणे उलटी वाजवलेली टेप.

मला एकदम आठवलं, आणि खुर्चीत बसल्या जागी मी ओशाळले.

ती मराठी होती.

पहिल्या भागाच्या वेळी मीच ती नोंदवली होती. 'ध्वनिफाइल सबटायटलपेक्षा चार सेकंद लांब. प्राधान्य कमी.' वाक्य संपल्यावर काकू घरातल्यासारखं काहीतरी बोलल्या होत्या आणि ते कापायचं राहिलं होतं. दाराआडचा घुमणारा आवाज, मराठी माणसालाही कान दिल्याशिवाय उमगला नसता. मला लगेच कळला, कारण मी त्यांचं बोलणं रोज ऐकत होते. आणि कळला म्हणून भीती वाटली नाही. बाकीच्या चौघांना वाटलं, ही अभयची कलाकारी असणार. अभय तर त्या खोलीकडे फिरकतच नसे, स्वतःच्या आईचा आवाज ऐकायला लाजायचा. "तो मजला तू बघ ना," म्हणायचा.

दुसरा भाग करताना जुनी टिकेटं उकरून दुरुस्त करायची पद्धत आहे. आमची साउंड इंजिनियर नाझिया फार नीटनेटकी. तिने माझं टिकेट वाचलं आणि ते चार सेकंद कापून टाकले.

म्हणजे गेमचा जीव मीच काढला होता, तोही रीतसर फॉर्म भरून.

नाझियाकडे जाऊन मूळ फाइल लावली. सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर कँटीनवाला चहाचे कप गोळा करत होता. साउंड रूमचं जाड दार लागलं की बाहेरचं काहीही ऐकू येत नाही.

"अभी मत आना।" मग थोडी शांतता. मग काकू, खालच्या आवाजात, धापा टाकत: "झालं का रे? दार उघड ना. कोंडल्यासारखं होतंय."

पूर्वी मी या वाक्यावर हसले होते. आता काकू नव्हत्या.

नाझियाने विचारलं, "क्या बोल रही हैं, मॅम?"

मी सांगितलं. तिने हेडफोन कानावरून काढून मांडीवर ठेवले.

बत्रा सरांना सांगितलं तर ते खूश. "वापस डालो! और ऐसे चार-पाँच नए बना लो, सॉफ्टवेअर तो है ही। मराठी तू लिख दे।"

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण बॉसने काम सांगितलं की हात आपोआप कीबोर्डकडे जातात. मी एक वाक्य टाइप केलं: 'दार उघड ना, किती वेळ झाला.' नाझियाने बटण दाबलं.

"अभय, दार उघड ना. किती वेळ झाला."

आम्ही दोघींनी एकाच वेळी स्क्रीनकडे पाहिलं. माझ्या वाक्यात नाव नव्हतं.

"ये 'अभय' आपने लिखा था?"

"नहीं."

"सॉफ्टवेअर कभी-कभी अपने से जोड़ देता है," ती म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी टेस्टर आहे. एकदा झालं ते पुन्हा होतं का बघायचं, हा आमचा धर्म. दहा वेळा बटण दाबायला लावलं. सात वेळा माझं वाक्य आलं, निव्वळ. तीन वेळा आधी हाक आली. तिन्ही हाका वेगळ्या होत्या. शेवटची अगदी हळू, दमून गेल्यासारखी.

कारण सापडलं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये काकू प्रत्येक वाक्याआधी त्याला हाक मारत होत्या. 'अभय, हे असं म्हणू का?' 'अभय, पाणी दे.' सॉफ्टवेअर तेच शिकलं. स्पष्टीकरण पटलं. तरी उरलेला वेळ आम्ही साउंड रूमचं दार सताड उघडं टाकून काम केलं.

अभयला न विचारता हे पुढे नेणं माझ्याच्याने होईना. दुपारी त्याला साउंड रूममध्ये बोलावलं.

"ऐक. पण आधी बस," मी म्हटलं.

आधी मूळ फाइल लावली. तो ऐकताना टेबलाची कड घट्ट धरून होता.

"पंखा बंद केला होता मी," मग म्हणाला. "आवाज येत होता म्हणून. कपाटाचं दार पण मीच लावलं. म्हटलं, आई, दोन मिनिटं."

"किती वेळ लागला?"

"टेक बरोबर येत नव्हता ना. पाऊणएक तास. ती मला दार उघड म्हणत होती हे मला आज कळतंय. तेव्हा माझे हेडफोन कानावर होते, पण मी फक्त वाक्य नीट आलं का ते ऐकत होतो."

मी म्हटलं, "तेव्हा त्यांना बरं होतं रे. नंतर बाहेर येऊन आम्हाला खिचडी वाढली त्यांनी."

"हॉस्पिटलमध्येही दार बंदच होतं, मंजिरी. मी बाहेर बसलो होतो."

सॉफ्टवेअरने केलेलं वाक्य त्याला ऐकवू नये असं मला मनापासून वाटत होतं. पण लपवणं बरोबर नव्हतं. हाकेसकट ऐकवलं. "ओ," तो म्हणाला. आईने बोलावल्यावर म्हणतात तसं. मग भानावर आला आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये बत्रा सरांनी सरळ मुद्द्यालाच हात घातला. "अभय, यार, तेरा दुख समझता हूँ। लेकिन वो चार सेकंड ही तो गेम है। उसके बिना हम पहले पार्ट के सामने टिकेंगे नहीं।"

"बिल्कुल नहीं टिकेंगे," अभय म्हणाला. "पता है।"

"तो?"

"दरवाज़ा खुलेगा, सर। इस बार दरवाज़ा खुलेगा।"

तो बदल एवढाच. बाई म्हणते, अभी मत आना. खेळणाऱ्याने कडी सरकवली की दार उघडतं. आत खिडकी आहे, ऊन आहे, घडी घातलेल्या रजया आहेत. माणूस नाही. चार सेकंद काहीच वाजत नाही. नाझियाने त्यासाठी पूर्ण निःशब्द फाइल लावली. सॉफ्टवेअरने केलेली सगळी वाक्यं अभयने काढायला लावली, हिंदीसुद्धा.

"पहिल्या भागातलं पण काढायचं का?" मी विचारलं.

"नको. ते ती खरंच बोलली होती. राहू दे."

गेम बाहेर आला. बरा चालला. परीक्षणं सगळी एकाच सुरात होती: पहिल्याची सर नाही. दिसायला उत्तम, पण भीती कुठे आहे? बत्रा सर असं प्रत्येक परीक्षण मला फॉरवर्ड करायचे, सोबत एक शब्दही न लिहिता. ती परीक्षणं खोटी नव्हती.

या प्रकरणातून कामाचं एकच शिकले. जे आपल्याला समजतं ते आपण तपासत नाही. आता नव्या टेस्टरला मी मुद्दाम त्याच्या मातृभाषेतला मजकूर देत नाही.

गेल्या महिन्यात एका खेळणाऱ्याकडून नवीन टिकेट आलं. तिसरा मजला, दार. त्याने लिहिलं होतं की दार उघडल्यावर आत कोणीतरी लांब श्वास घेतं, बरं वाटल्यासारखा. हे मुद्दाम आहे की चूक?

मी फाइल उघडून पाहिली. आवाजाच्या आलेखात सरळ रेष आहे. चार सेकंद, आवाज शून्य. दार चाळीस वेळा उघडलं. काही ऐकू आलं नाही.

अशा वेळी 'आढळले नाही' असं लिहून टिकेट बंद करायचं असतं. मी अजून केलेलं नाही. अभयला मात्र तो मजकूर दाखवला. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "राहू दे उघडं."