न केलेल्या फोनचा प्रयोग

"ताई, सुहास गेला," असा माझ्या भावजयीचा, वंदनाचा फोन ट्रॉयला माझ्या घरी आला, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता हा कसला नवा प्रयोग? सख्ख्या बहिणीला भावाबद्दल असं वाटावं, ही त्याची आयुष्यभराची कमाई.

कॅरी शहरातल्या एका कंपनीत तो माणसांच्या सवयी बदलण्याचे प्रयोग आखायचा. लोकांनी औषधं वेळेवर घ्यावीत म्हणून अर्ध्यांना एक मेसेज, अर्ध्यांना दुसरा, आणि कोण सुधारतं ते बघायचं. छान! पण हे शहाणपण ऑफिसातच ठेवून घरी यावं ना. एकदा मंडळाच्या गणपतीत यानं मोदकांचं ताट मुद्दाम टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवलं आणि शेजारी उभा राहिला. "बघ ताई, लांब ठेवलं की लोक कमी खातात!" अरे, तू टक लावून बघत असताना कोण दुसरा मोदक उचलेल? एवढी साधी गोष्ट त्या पीएचडीवाल्या डोक्यात शिरली नाही…

मग त्यानं पोटच्या पोरीला धरलं. ऋचा क्युपर्टिनोला असते. दर रविवारी हाच फोन करायचा आणि ती घाईघाईत "बाबा, कॅन आय कॉल यू लेटर?" म्हणायची. झालं! यानं फोन करणंच थांबवलं. आपणहून करते का, ते बघायचं होतं. स्वतःबद्दल तिला अवाक्षर सांगायचं नाही, असं वंदनाला बजावलं. पुढे छातीत दुखायला लागलं, अँजिओग्राफी ठरली. "आता तरी सांगू दे रे तिला," वंदना म्हणाली. तर हा शहाणा म्हणतो, "आजारी आहे म्हणून केलेला कॉल काउंट होत नाही. रिझल्ट खराब होईल." तपासणीच्या आधीच गेला. रिझल्ट मात्र स्वच्छ राहिला. मला त्याची चीड आली, अजून येते.

ऋचा आली ती रडत. "आत्या, आय थॉट ही वॉज मॅड अ‍ॅट मी. म्हणून कॉल नाही केला." म्हणजे तीसुद्धा त्याच्याच फोनची वाट बघत होती.

परवा वंदनाच्या स्वयंपाकघरात खिडकीला लावून ठेवलेलं एक उंच स्टूल पायात आलं. मी सरकवायला गेले, तर तिनं हात धरला. "राहू दे ताई. घरात रेंज फक्त तिथंच नीट येते. फोन करणं थांबवलं तरी रविवारी सकाळी चहा घेऊन तिथंच बसायचा, तो जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही."

प्रयोग करणाऱ्यानं कुठल्याच निकालाची आस धरायची नसते, असं हाच जगाला शिकवायचा… गाढव कुठला!