गोलकीपरच्या कपाटावरची पाटी

धुकं इतकं दाट की कचेरीच्या खिडकीतून मैदानावरचे गोलसुद्धा दिसेनात. धाकले परगावच्या सामन्याच्या बसवाल्याशी फोनवर हुज्जत घालत होते.

हॉकी संघाच्या कचेरीची उतरंड साधी. वर मालक, त्यांच्याखाली जनरल मॅनेजर म्हणजे थोरले, आणि थोरल्यांच्या हाताखाली हे, म्हणून धाकले. पन्नाशी उलटली तरी नाव सुटलं नाही. बायको म्हणायची, "डोक्याचं मैदान झालं, तरी आपले धाकलेच!"

थोरल्यांचा एक शिरस्ता होता. कुणाला नारळ द्यायचा तर स्वतः समोर बसून सांगायचं आणि त्याची बॅग स्वतः गाडीपर्यंत न्यायची. धाकल्यांनी ते काम कधी केलं नव्हतं. आज थोरले कंबर धरून घरी होते.

तेवढ्यात सामान सांभाळणारा धापा टाकत आला. "धाकले, घोळ झाला! मालकांनी नवा गोलकीपर घेतला आणि परस्पर कोचला कळवलं. कोच म्हणाले, पाटी बदल. मी बदलली. पण जुन्याला अजून कुणी सांगितलंच नाही म्हणे!"

"तो आलाय?"

"गाडी लावतोय."

धाकले फोन तसाच टाकून खाली खेळाडूंच्या खोलीत धावले. स्वतःच्या कपाटावर दुसऱ्याचं नाव वाचून कळावं, अशी वेळ त्या माणसावर येता कामा नये. नवी पाटी काढली, जुनीचा एक स्क्रू बसला, दुसरा काही केल्या धरेना. दारात गोलकीपर उभा.

"काय हो, माझी पाटी सैल झाली होती?"

'हो' म्हणून सुटता आलं असतं. धाकल्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला, बाकावर बसले. "बस. नवा घेतलाय. तुला आधी सांगायला हवं होतं, चुकलं आमचं."

गोलकीपर शेजारी टेकला, वाकून बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, "इतकी वर्षं गोलात उभा आहे. येणारा चेंडू दिसतो मला. फक्त कोण मारतंय ते बघत होतो."

"पोरांना शिकवशील? त्यांना शिकवणारा हवाय, थोरल्यांशी कालच बोललोय."

"बायकोला विचारून सांगतो. ती बहुतेक नाचेल."

धाकल्यांनी बॅग उचलली. पॅड, हेल्मेट, जाडजूड हातमोजे. वजनानं ते एका बाजूला कलंडले.

"सावकाश, थोरले," मागून गोलकीपर हसला. "कंबर धराल!"

बॅग गाडीत ठेवून वर आले तर बसवाला अजून फोनवरच होता.

"हां, बोला," धाकले खुर्चीत टेकले. "सामानाला जागा किती आहे?"