काशी घरी पोहोचली नाही

जालन्याहून मोटारवाला निरोप घेऊन आला, तो बाजारचा दिवस. जाफराबादच्या आमच्या ओट्यावर माणसं नेहमीसारखी दाटीवाटीनं बसलेली. "मास्तर वारले," तो म्हणाला. कुणीतरी हळूच विचारलं, "आन मंग काशीचं काय?" त्या विचारणाऱ्याचा असा संताप आला! पण खरं सांगू... माझ्याही मनात तेच आलं होतं.

काशी म्हणजे भाऊजींच्या कादंबरीतली पोर, सासर सोडून माहेरी निघालेली. भाऊजी माझे धाकटे दीर. शाळेत मास्तर आणि वऱ्हाडातल्या एका साप्ताहिकाचे बातमीदार. इथल्या निजामी जुलमाची बातमी तिकडे छापली, तरी अंक हद्दीवरच अडवायचे. मग भाऊजींनी बातम्या कादंबरीत घातल्या. काशी वाटेतल्या गावांत जे बघे, ते भाऊजी बाजारच्या दिवशी ओट्यावर वाचून दाखवत. नावं बदललेली, पण माणसं बराबर ओळखू येत. ऐन मोक्याला थांबायचं, दौतीला बूच लावायचं आणि उठायचं. "पुढं?" म्हटलं की, "मलाच कुठं ठाव हाय, वहिनी?" लबाड!

एकदा पोलीस अमीन त्यांना धरून न्यायला आला. तो ओट्यावर टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मास्टर, वो काशी घर कू पोंचती की नै?"

"अभी रस्ते में है, साब."

"तो पैले उसकू घर पोंचाओ. फिर तुमकू ले जाता मैं."

तेव्हापासून काशीची वाट काही संपेना. अंबड झालं, भोकरदन झालं, कधी नदीला पूर, कधी बैल लंगडा. मी चिडायची, "किती हाल करून राह्यले हो पोरीचे? आणा की घरी!" ते नुसते हसायचे. ती पोहोचली की हे तुरुंगात, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. अमीन अधूनमधून येऊन मागं बसून ऐकायचा. त्याला गोष्टीची ओढ होती की भाऊजींना वाचवायचं होतं, कोण जाणे... मला अजून उलगडत नाही.

यंदा निजामी गेली, अमीनही गेला. "आता आणा बाई तिला," मी म्हटलं. "आणतो, वहिनी. या बाजारी बिलकुल आणतो." त्याच्या आधीच तापानं गाठलं, जालन्याच्या दवाखान्यात हलवावं लागलं.

परवाच्या बाजारी माणसं आपसूक येऊन बसली. सगळे भाऊजींच्या दौतीकडं बघत राहिले, तेच मला सोसेना. भाऊजींच्या जागी बसले आणि सांगू लागले. काशीला वेशीतून आत आणलं, गल्लीतून ओट्यापर्यंत आणलं. उंबरा तेवढा राहिला... मी दौतीला बूच लावलं आणि उठले.