भिंतीवरचं दहावं नाव

"जॉर्डन सहा फायनल खेळला आणि सहाही जिंकला. विषय संपला."

"संपला कसा? बिल रसेलनं अकरा वेळा जिंकलंय, त्याचं काय? ते काय कोंबड्यांनी खाल्लं?"

"त्या काळी संघ होते किती रे? बोटांवर मोजण्याइतके!"

"आणि लेब्रॉन? वीस वर्षांच्या वर खेळतोय माणूस. तुझी रिक्षा वीस दिवस धड चालत नाही."

सकाळचे साडेसहा वाजले होते. पानिंगच्या टपरीवर रिक्षावाल्यांची पहिली पंगत बसली होती आणि बास्केटबॉलचा वाद रोजच्या ठिकाणाहून सुरू झाला होता. पानिंग आलं घातलेली कोंबडीची पेज वाट्यांत ओतत होती. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. तिच्या लहानपणी हीच माणसं, म्हणजे यांचे बाप, दुसऱ्याच नावांवरून असेच भांडत. नावं बदलली, आवाज तोच.

"भांडा," ती म्हणाली, "पण वाट्या रिकाम्या करून भांडा. मागे माणसं उभी आहेत."

तिचं पूर्ण नाव एपिफानिया, पण फिलिपाइन्समधल्या इलोइलोच्या त्या गावात तिला त्या नावानं हाक मारणारा माणूस उरला नव्हता. सगळ्यांची ती नांग पानिंग, म्हणजे थोरली बहीण. वय एकसष्ट, पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी, आणि दुपारपर्यंत उभं राहून पायांचे तुकडे पडायचे. टपरी बास्केटबॉलच्या कोर्टाला लागूनच होती. दर मे महिन्यात सान इसिद्रोच्या सणानिमित्त वाड्यावाड्यांच्या मॅचेस व्हायच्या, आणि वेळ मोजायला टेबलाशी पानिंग बसायची. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी चर्चच्या पाद्रीबाबांनी तिच्या हातात स्टॉपवॉच दिलं, कारण ती कुणाच्या बाजूनं ओरडत नाही असं त्यांचं मत होतं. तेव्हापासून ती बसली ती बसलीच.

तिचा नवरा सेबियो तीन वर्षांपूर्वी गेला. त्यानं तीस वर्षं जीपनी, म्हणजे प्रवाशांची जीप, चालवली, पण गावाच्या लेखी तो ड्रायव्हर कधीच नव्हता. तो होता "सत्त्याऐंशीचा सेबियो". त्या वर्षीच्या फायनलमध्ये वरच्या वाडीचा संघ एका गुणानं मागे होता, पाच सेकंद उरली होती. सेबियोनं कोपऱ्यातून चेंडू फेकला, चेंडू हवेत असताना वेळ संपल्याची घंटा झाली, आणि चेंडू जाळीतून खाली आला. किनाऱ्याच्या वाडीला हरवून वरच्या वाडीनं मिळवलेलं ते पहिलं आणि शेवटचं विजेतेपद. तेव्हा घंटा म्हणजे काय, तर जीपच्या चाकाची टांगलेली रिम. तिच्यावर हातोडी मारायची. मारणारी पानिंग. त्याच वर्षी डिसेंबरात दोघांचं लग्न झालं.

या वर्षी गावचे कापितान, म्हणजे सरपंच, एडगार्डो यांनी कोर्टावर नवं छत घातलं, आणि मागच्या भिंतीवर गावातले सर्व काळातले दहा थोर खेळाडू रंगवायचं ठरवलं. निवडीला तिघांची समिती नेमली: स्वतः कापितान, वरच्या वाडीचा जुना प्रशिक्षक रोहेलियो मास्तर, आणि पानिंग. नऊ नावं दोन बैठकांत झाली. दहाव्याशी गाडं अडलं. सेबियो की पोरो?

पोरो म्हणजे तेलेस्फोरो, किनाऱ्याच्या वाडीचा. सव्वासहा फूट उंच. बारा वर्षं त्याच्यासारखा खेळाडू त्या पट्ट्यात नव्हता. पण त्याच्या वाट्याला एकही विजेतेपद आलं नाही. सत्त्याऐंशीची फायनल हरलेला तो.

पानिंगचा मुलगा जुनेल रिक्षा चालवायचा. बैठकीच्या दिवशी त्यानं तिला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाला, "नानाय, आज ठरवून ये. ताताय असते तर त्यांना किती बरं वाटलं असतं."

"तुझ्या बापाला भिंत नको होती. त्याला ऐकणारे हवे होते," पानिंग म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. जा तू."

कापितानांच्या कचेरीत पंखा गरम हवाच फिरवत होता. रोहेलियो मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण इस्त्रीचा शर्ट आणि आवाज अजून वर्गातला.

"थोर म्हणजे जो जिंकून देतो तो," मास्तर म्हणाले. "पोरोनं बास्केटं ढिगानं टाकली असतील. जिंकला काय? शून्य. आणि हे बघा, नऊ नावांत आमच्या वाडीची तीनच. सेबियोचं नाव नसेल तर आमची माणसं त्या भिंतीवर शेण फेकतील."

कापितान हसले. "नांग पानिंगला विचारायचं म्हणजे नुसता उपचार आहे. घरचाच माणूस. पेंटरला मी फोटोसुद्धा देऊन बसलोय."

"माझं मत पोरोला," पानिंग म्हणाली.

दोघांना वाटलं ती चेष्टा करतेय. मग वाटलं, घरच्या माणसाचं नाव घ्यायला लाजतेय. मास्तरांनी तर पाठीवर हात ठेवला. "अगं, संकोच कसला त्यात? हक्काचं आहे त्याचं."

त्या हातामुळेच बहुधा ती बोलली. बोलायचं असं काही ठरवून आली नव्हती.

"वेळ संपली होती, मास्तर. चेंडू सेबियोच्या हातातच होता. घड्याळात शून्य झालं, मी हातोडी उचलली आणि मारलीच नाही. चेंडू सुटल्यावर मारली."



"मुद्दाम?" कापितानांनी हळूच विचारलं.

"तेच मला आजपर्यंत कळलेलं नाही. हात थांबला एवढं खरं. माझं त्याच्याशी जुळलं होतं तेव्हा. दुसरं कुणी फेकत असतं तर हात थांबला असता का? तुम्हीच सांगा."

मास्तरांचा चेहरा काळा पडला होता. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना खेळवलं आणि त्या चाळीस वर्षांत त्यांच्या हाती लागलेला चषक एकच.

"पानिंग, तू थकली आहेस," ते म्हणाले. "नवरा गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही. एक सेकंद! हातानं वाजवायच्या घंटेत एक सेकंद इकडेतिकडे होतोच. आत्ता हे बोलून तू कुणाचं भलं करते आहेस? मेलेल्या माणसाचं? माझं?"

"कुणाचंच नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"मी काहीही ऐकलेलं नाही," कापितान घाईनं म्हणाले. "मतं घेऊ. मास्तर सेबियो, मी सेबियो. झालं. दोन विरुद्ध एक."

"तो एक लिहा," पानिंग म्हणाली. "माझं नाव घालून लिहा."

कापितानांनी लिहिलं. तिनं वाकून, चष्मा सावरून, लिहिलेलं वाचलं आणि मगच ती उठली.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. कचेरीबाहेर झाडूवाली होती, तिच्याकडून गोष्ट मासळीबाजारात गेली आणि संध्याकाळच्या आत जुनेलच्या कानावर आली. तो घरी येऊन उंबऱ्यातच उभा राहिला.

"खरं आहे?"

"खरं आहे."

"तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. आणि तू आज हे गावाला सांगतेस? मला आधी सांगायचंस तरी!"

"तुझ्या बापालासुद्धा सांगितलं नाही मी."

"मग तसंच पोटात ठेवायचं होतंस," जुनेल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो जेवला नाही, आणि पुढचे आठ दिवस तिच्याशी एक शब्द बोलला नाही. टपरीसाठी तांदळाचं पोतं आणून टाकायचा, ते टाकायचा आणि निघून जायचा.

सेबियोला सांगायचा तिनं प्रयत्न केला नव्हता असं नाही. झटका येऊन तो अंथरुणाला खिळला तेव्हा एकदा तिनं सुरुवात केली होती, "ते सत्त्याऐंशीचं..." त्याचा अर्धा चेहरा लगेच फुलला आणि तो अडखळत तीच गोष्ट पुन्हा सांगू लागला. कोपरा, पाच सेकंद, चेंडू हवेत. तिनं त्याचं तोंड पुसलं आणि गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.

आता तिला वाटलं, निदान ज्याचं नुकसान झालं त्याला तरी आपल्या तोंडून कळावं. चौथ्या दिवशी टपरी लवकर बंद करून ती किनाऱ्याच्या वाडीला गेली. पोरो लेकीच्या घरासमोर बांबूच्या बाकावर बसून कोळंबी निवडत होता. पाठ वाकली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू होता, पण बसल्या जागीसुद्धा तो दारापेक्षा मोठा दिसत होता.

"नोंग पोरो, ओळखलंत का?" थोरल्या भावाला म्हणावं तसं तिनं विचारलं.

"आवाजावरून ओळखलं. पेजवाली. बस. गाव तुझ्याविषयीच बोलतंय."

"म्हणजे तुम्हाला कळलं."

"मला तेव्हाच कळलं होतं," पोरो म्हणाला आणि एक कोळंबी सोलून भांड्यात टाकली. "मी टेबलाकडे तोंड करून उभा होतो ना. तुझी हातोडी वर गेली आणि तिथंच राहिली. मला वाटलं, हिच्या हातात पेटके आले की काय."

पानिंगला बसावंच लागलं. "मग तुम्ही बोलला का नाहीत? पंचांपुढे तक्रार का नाही केली?"

"केली असती तर त्यांनी खेळाडूंचे दाखले मागितले असते." तो गालातल्या गालात हसला. "आमचे दोघे गावचे नव्हतेच. शहरातल्या कॉलेजातून आणलेले, मेलेल्या माणसांच्या नावावर खेळवलेले. एक तर माझ्या मामेभावाच्या नावावर. त्याच्या दोन वर्षं आधी बुडालेला माझा मामेभाऊ. त्यानं त्या फायनलमध्ये बावीस गुण केले."

पानिंग हसली. मग हसता हसता तिला रडू आलं, आणि रडायचाही कंटाळा आला म्हणून तिनं पदरासारखा गळ्यातला टॉवेल तोंडावर दाबला.

"अडतीस वर्षं," ती म्हणाली. "मी नीट झोपले नाही हो."

"मी झोपलो. फक्त स्वप्नात ती मॅच पुन्हा खेळतो. आणि तिथंही हरतो."

"चला माझ्याबरोबर. समितीपुढे सांगा. तुमचं नाव लागेल."

"काय सांगू? की ते खोटे आणि आम्ही त्याहून खोटे?" पोरोनं मान हलवली. "राहू दे. बारा वर्षं खेळलो. ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. त्यातले निम्मे मेले आणि उरलेल्यांना दिसत नाही. ही कोळंबी घेऊन जा."

तिनं केळीच्या पानातला पुडा घेतला आणि पायी परत आली. हलकं वाटेल अशी तिची अपेक्षा होती. तसं काही वाटलं नाही. जे ओझं ती एवढी वर्षं एकटी वाहत होती ते दुसऱ्या टोकानं पोरोनंही धरलं होतं, आणि त्याला ते जड लागलं नव्हतं, एवढंच.

टपरीवर रिक्षावाल्यांना नवा विषय मिळाला होता.

"एका सेकंदानं माणूस लहान होतो का? दडपण बघ ना केवढं!"

"अरे पण वेळ संपल्यावर दडपण कसलं? मग तर मीही टाकीन!"

"तू? तुला टोपलीत कपडे टाकता येत नाहीत."

हे सगळं ते पानिंगच्या समोर, तिच्याच वाट्यांतली पेज खात बोलत. हातोडी जिच्या हातात होती तिला कुणी एकदाही काही विचारलं नाही. उलट एकजण तिला समजावू लागला की अंतर आणि आवाज यांचा हिशेब केला तर तिचीच आठवण चुकीची निघते. तिनं त्याच्या वाटीत आणखी एक पळी घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सणाच्या दिवशी बँड वाजला आणि भिंतीवरचा पडदा निघाला. पेंटरनं सेबियोची उंची अर्ध्या फुटानं वाढवली होती आणि त्याला कधीही नसलेल्या मिश्या दिल्या होत्या. रोहेलियो मास्तरांनी भाषण केलं, त्यात पानिंगचा उल्लेख टाळला. पोरो आला नव्हता. पानिंगनं सकाळीच स्टॉपवॉच कापितानांच्या हवाली केलं होतं. विजेवर चालणारं मोठं घड्याळ आलंच होतं, ते चालवायला एक चुणचुणीत मुलगी मिळाली होती. कापितानांनी "कशाला, नांग" असं एकदाच म्हटलं.

गर्दी पांगल्यावर जुनेल भिंतीखाली उभा राहिला. फोटो काढणारा त्याचा मित्र खोळंबला होता. जुनेलनं इकडेतिकडे पाहिलं, आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा हाक मारली.

"ये नानाय. उभी राहा इथं."

ती जाऊन उभी राहिली. तिला त्या रंगवलेल्या माणसाविषयी राग नव्हता. खरा सेबियो रात्रपाळीहून येताना तिच्यासाठी न चुकता गरम पाव आणायचा, तिचे पाय चेपून द्यायचा. नवरा फार चांगला होता. खेळाडू बरा होता.

"तुला ताताय खरंच आवडत नव्हते का?" जुनेलनं फोटो झाल्यावर विचारलं.

"आवडत होता म्हणून तर हात थांबला ना, बाळा."

जुनेलनं रिक्षा कोर्टाच्या आतपर्यंत आणली आणि तिला हात देऊन चढवलं. दुपारी तीनला फायनल सुरू झाली तेव्हा पानिंग घरी पाय उशीवर टाकून पडली होती. बेचाळीस वर्षांत टेबलाशी नसलेली ही तिची पहिली फायनल. आरडाओरडा ऐकू येत होता. थोड्या वेळानं तोही यायचा थांबला, कारण तिचा डोळा लागला होता. कोण जिंकलं ते तिला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांकडून कळलं.